पुसला जाणारा आवाज

"मुलींनो, कृपया थोडं लवकर मैदानावर येता का?"

बेबीताई खंडारेंच्या गळ्यातून हे वाक्य बाहेर पडलं आणि अकोटच्या शाळेच्या मैदानावर बूट बांधत बसलेल्या साऱ्या पोरी तोंडावर हात धरून हसू लागल्या. बेबीताई असं काही म्हणाल्याच नव्हत्या. त्यांनी ओठ हलवले होते ते "ए पोट्ट्याहो, झोपून रायल्या काय वो? पया इकडे!" असं म्हणण्यासाठी. गेली कित्येक वर्षं त्या मुलींना कबड्डी शिकवत होत्या आणि रोज सकाळी त्यांच्या या हाकेनं शेजारच्या गल्लीतली माणसंसुद्धा उठत. पण आता गळ्यावरच्या पट्टीनं त्यांचं म्हणणं उचललं, धुतलं, इस्त्री केलं आणि कुणा गोड बाईच्या आवाजात हवेत सोडलं.

बेबीताईंनी कपाळावर हात मारला. पुन्हा तेच. काल दुपारी त्यांनी स्वतः बसून सगळी मांडणी बदलली होती, स्वतःचा आवाज निवडला होता, स्वतःची बोली निवडली होती. दिवसभर सगळं ठीक चाललं. रात्री पट्टी चार्जिंगला लावली आणि सकाळी ती कोऱ्या पाटीसारखी उठली.

वर्षभरापूर्वी कर्करोगानं त्यांचं स्वरयंत्र गेलं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण बोलणं वाचवणं शक्य नव्हतं. आता श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून चाले आणि ओठ हलले तरी आवाज म्हणून काही निघत नसे. काही महिन्यांनी त्यांना वाचापट्टी मिळाली. अकोल्याच्या वाचोपचार केंद्रातल्या नौशीन काझी या तरुण बाईंनी ती बसवून दिली होती.

माणूस बोलतो तेव्हा मेंदू जिभेला, ओठांना, गळ्याच्या स्नायूंना बारीक बारीक विजेचे निरोप धाडत असतो. स्वरयंत्र काढलं तरी निरोप यायचे थांबत नाहीत. घर पाडलं तरी पोस्टमन त्या पत्त्यावर येत राहावा, तसं. पट्टी ते निरोप कातडीवरून वाचायची, त्यांतून शब्द ओळखायची आणि छोट्या स्पीकरमधून बोलून दाखवायची. कुठल्या आवाजात बोलायचं हे मात्र ठरवावं लागे. कारखान्यातून ती 'सभ्य' मांडणी घेऊन यायची. या मांडणीत यंत्र वाक्य पूर्ण होऊ द्यायचं, बोलीचं प्रमाण मराठी करायचं, राग गाळायचं आणि मग बोलायचं. दुसरी मांडणी 'स्वतःची'. तिच्यात माणसाच्या जुन्या आवाजाचे नमुने घालून त्याचाच आवाज घडवता येई, आणि तो माणूस वापरत जाईल तसतसा सुधारत जाई.

बेबीताईंचे जुने नमुने शोधताना एक गंमत झाली होती. मुलींच्या मोबाइलमध्ये सामन्यांचे ढीगभर व्हिडिओ सापडले आणि त्या सगळ्यांत ताई मैदानाबाहेरून ओरडत होत्या. हळू बोलणाऱ्या बेबीताई कुणाकडेच नव्हत्या. "हळू बोलायला तुम्हीच शिकवा त्याला," नौशीन म्हणाल्या होत्या. "रोज थोडं थोडं. शिकेल ते."

पण शिकणार कसं? दिवसभर शिकलेलं रात्रीत पुसलं जात होतं. दोन महिन्यांपासून हे सुरू होतं आणि बेबीताईंना वाटत होतं, आपल्यालाच काहीतरी दाबता येत नाही. एकसष्टीच्या बाईला हे नवीन फ्याड कुठून जमायचं, असं म्हणून त्या रोज दुपारी पुन्हा बसत, पुन्हा बदलत.

त्या सकाळी मात्र निभावलं नाही. सराव सुरू झाला. संघाची कर्णधार रुही तेलगोटे चढाईला गेली, दोघींना शिवून मागे वळली आणि तोल जाऊन बाजूच्या लोखंडी खांबाकडे झेपावली. बेबीताईंना ते आधीच दिसलं. त्यांनी जीव तोडून "खांब!" म्हटलं. एरवी तो शब्द गोळीसारखा सुटला असता. यंत्रानं वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहिली, राग गाळला आणि म्हटलं, "बाजूला खांब आहे, जपून."

तोवर रुहीचं कोपर खांबावर आपटलं होतं.

हाड मोडलं नव्हतं, पण चीर गेली होती. प्लास्टर घालून घेताना रुहीच ताईंची समजूत घालत होती. "ताई, माहीच चूक हाय. मी पाह्यलंच नाई." अमरावतीची विभागीय स्पर्धा दीड महिन्यावर आली होती. बेबीताई तिच्याकडे पाहत नुसत्या उभ्या राहिल्या. बोलायला गेलं तर पुन्हा त्या गोड बाईचा आवाज निघेल, याची त्यांना लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी अकोल्याची गाडी पकडली.

नौशीननं पट्टी संगणकाला जोडली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमचं काही चुकत नाहीये. तुम्ही सगळं बरोबर करता. ते लिहिलंच जात नाही."

"म्हंजे?" बेबीताईंनी विचारलं. दुपारी मांडणी बदलून आल्या होत्या, म्हणून आवाज त्यांचाच होता. बाहेर रांगेत बसलेला माणूस दचकला, इतका मोठा.

"यंत्राच्या आठवणी दोन. एक कच्ची, एक पक्की. तुम्ही दिवसभर जे बदलता ते कच्च्या आठवणीत राहतं. रात्री चार्जिंगला लावलं की यंत्र ते पक्क्या आठवणीत उतरवायला जातं. पूर्वी ते दार उघडं होतं. आता त्याला कुलूप आहे." मध्यंतरी कुणा भामट्यांनी एका म्हाताऱ्याच्या वाचापट्टीत शिरून त्याच्याच आवाजात जमिनीच्या व्यवहाराला होकार वदवून घेतला होता, त्यानंतर अशा सगळ्या शरीरयंत्रांच्या कार्यप्रणालीत बदल झाला आणि सगळी यंत्रं एकदा कारखान्यातल्या मांडणीवर परत नेली गेली, असं नौशीननं सांगितलं. "आता पक्क्या आठवणीत काहीही लिहायचं तर मालकाची परवानगी लागते. ती नसली तर यंत्र साधी तक्रारही करत नाही. गपचूप जुनंच घेऊन उठतं."

"मग देली परवानगी! मालक मीच तं हाय."

नौशीननं पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "नाही, ताई. तुमच्यापुढे 'वापरकर्ता' लिहिलंय. मालक सुमेध खंडारे."

सुमेध म्हणजे त्यांचा मुलगा. सत्तावीस वर्षांचा, सौरपंप बसवणाऱ्या कंपनीत कामाला. नवरा वारल्यापासून घरात हे दोघंच.

"नोंदणी करताना मालकानं स्वतःच्या तोंडानं संमती बोलायची असते," नौशीन म्हणाल्या. "तेव्हा तुमच्या तोंडून आवाज निघत नव्हता. म्हणून सुमेध बोलले. तेव्हा त्याचं काही महत्त्वही नव्हतं."

"मंग त्याले सांगते, दे म्हनून परवानगी. त्याले माहीत नसन."

नौशीननं पडद्यावरून नजर काढली. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "ताई, यंत्र रोज रात्री त्यांच्या मोबाइलवर विचारतं. त्यांनी नाही म्हटलेलं नाही. पण दर वेळी 'नंतर' दाबलंय."

परतीच्या गाडीत बेबीताई खिडकीशी बसल्या होत्या. दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं मागे जात होती. ज्या पोराला आपण बोट धरून चालायला शिकवलं, त्याला विचारून आपला आवाज रोज रात्री झोपायला जातो आणि तो त्याला उठू देत नाही, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात मावत नव्हती.

सुमेध संध्याकाळी घरी आला तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना हळू बोलायचं होतं. हा विषय ओरडून बोलायचा नव्हता. पण त्यांच्या स्वतःच्या आवाजाला ओरडण्याशिवाय काही येत नव्हतं आणि हळू येणारा आवाज त्यांचा नव्हता. मग त्यांनी गळ्यावरची पट्टी सोडली, बाजूला ठेवली आणि नुसते ओठ हलवले.

सुमेधला समजेना. तो जवळ आला, खाली पायरीवर बसला आणि तोंड वर करून तिच्या ओठांकडे पाहू लागला. लहानपणी गोष्ट ऐकायला बसायचा तसा.

'तू नंतर नंतर दाबून रायला?'

त्यानं मान खाली घातली, पण मान खाली घातली की तिचे ओठ दिसत नव्हते, म्हणून पुन्हा वर पाहावं लागलं.

"हो," तो म्हणाला.

'काऊन?'

त्यानं पायातले धुळकट बूट सोडून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "आई, त्या पट्टीचा नियम बदलला त्या दिवशी मी तेल्हाऱ्याकडे एक पंप बसवून आलो होतो. उन्हात दिवस गेला होता. दारात पाय ठेवला आणि तू म्हणालीस, 'आलास बाळा? दमला असशील. चल, जेवून घे.' मी दारातच उभा राहिलो. मला कळत होतं, हे तुझे शब्द नाहीत. तू खरं काय म्हणाली होतीस?"

बेबीताईंना आठवायची गरज नव्हती. त्या रोज तेच म्हणत. 'आला काय. हात धू.'

सुमेध हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "तेच. मला माहीत होतं. तरी रात्री यंत्रानं मोबाइलवर विचारलं तेव्हा वाटलं, 'नंतर' दाबलं तर सकाळी कामावर निघताना पुन्हा तसंच ऐकायला मिळेल. एक दिवस ठेवू म्हटलं. मग आणखी एक. मग रोज."

'हात धू म्हंजे काय, तुले नाई समजत?' तिनं आत स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. 'भाकर गरम हाय. मी थांबली हाय तुह्यासाठी. बस.'

"समजते ना, आई. सगळं समजते." तो आता तिच्यासारखंच बोलू लागला होता. "पन सत्तावीस वर्सं समजूनच घेऊन रायलो."

बेबीताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्यांना राग होता आणि तो खरा होता. रुहीचं प्लास्टर डोळ्यांपुढून जात नव्हतं. त्यांनी ते सांगितलं, शब्द शब्द तोडून, त्याला कळेपर्यंत. कसा 'खांब' म्हटला, कसा तो उशिरा निघाला. हे सुमेधला माहीत नव्हतं. रुही पडली एवढंच त्यानं ऐकलं होतं. त्यानं घाईघाईनं खिशातून मोबाइल काढला आणि परवानगी द्यायला गेला.

आईनं त्याचं मनगट धरलं.

'परवानगी नको,' ती म्हणाली. 'मालकी पायजे.'

मालकी मिळणं परवानगीपेक्षा अवघड निघालं. सुमेध त्याच आठवड्यात रजा काढून आईबरोबर अकोल्याला गेला आणि मालकी सोडायला तयार झाला, पण नव्या मालकानं नैसर्गिक आवाजात संमती बोलायची, असा नियम होता. यंत्राचा आवाज चालणार नव्हता. यंत्रात शिरणारे भामटे यंत्राच्याच आवाजात संमती देतील, म्हणून ही अट. नियम शहाणपणाचा होता. फक्त तो करताना, ज्याच्यापाशी यंत्राशिवाय आवाजच नाही असा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे आला नव्हता.

"हे यंत्र बनवलं कोनासाठी मंग?" बेबीताईंनी विचारलं. केंद्राच्या कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकापर्यंत ते ऐकू गेलं.

नौशीननं दोन दिवस विचार केला आणि मग कार्यप्रणाली सांभाळणाऱ्या समितीला कळवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. 'बेबीनंदा' हे ताईंचं कागदावरचं नाव उच्चारताना प्रत्येकाचा मेंदू स्नायूंना थोड्या वेगळ्या तालात निरोप धाडतो. जिभेचा नेट वेगळा, ओठांची घाई वेगळी. बोटांच्या ठशासारखाच हा कंठाचा ठसा असतो आणि तो स्पीकरच्याही आधी, कातडीवरच मिळतो. त्याची नक्कल यंत्रात शिरून करता येत नाही, कारण तो यंत्रातून निघतच नाही, माणसातून निघतो. मग तोच नैसर्गिक आवाज का मानू नये?

समितीतले गृहस्थ व्हिडिओवर आले. सावध माणूस होता. त्यानं बेबीताईंना तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, स्पीकर बंद ठेवून. शेजारी सुमेधला पट्टी लावून त्यालाही तेच म्हणायला लावलं, मग नौशीनला. तिघांच्या रेषा पडद्यावर उमटल्या. बेबीताईंच्या रेषा प्रत्येक वेळी एकमेकींवर बसत होत्या आणि इतर दोघांच्या त्यांच्या आसपासही फिरकत नव्हत्या.

"इतके दिवस कुणी विचारलं कसं नाही?" तो गृहस्थ स्वतःशीच म्हणाला.

"विचाराले आवाज लागते, साहेब," बेबीताई म्हणाल्या.

निर्णयाला आठदहा दिवस लागले. पण आला तो होकार. फक्त बेबीताईंपुरता नाही, ज्यांच्या नावापुढे 'वापरकर्ता' लिहिलं होतं अशा सगळ्यांना ही वाट मोकळी झाली. एकट्या नौशीनच्या केंद्रातच असे अकरा जण होते.

केंद्रात जाऊन सुमेधनं स्वच्छ आवाजात म्हटलं, "मी सुमेध खंडारे, या यंत्राची मालकी सोडत आहे." मग बेबीताईंनी ओठ हलवले. कुणाला काही ऐकू आलं नाही. पडद्यावर एक रेषा उठली, सरकत गेली आणि थांबली. खाली नाव उमटलं, बेबीनंदा खंडारे, मालक.

त्या रात्री त्यांनी मांडणी बदलली, पट्टी चार्जिंगला लावली आणि कूस बदलत पडून राहिल्या. सकाळी गळ्याला पट्टी बांधली, पण बोलायचा धीर होईना. त्यांनी गॅसवर दूध ठेवलं, केर काढायला बाहेर गेल्या आणि परत येऊन पाहतात तर दूध कडेपर्यंत आलेलं.

"सुमेध! गॅस बंद कर बे!"

भिंत हादरली. सुमेध चादर अंगावर घेऊनच स्वयंपाकघरात धावत आला. दोघं एकमेकांकडे पाहत उभे राहिले. गॅस बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली सांडलं तेव्हा कुठं बेबीताई हसायला लागल्या, आणि ते हसूही मोठ्या आवाजात आलं.

आता शिकलेलं टिकत होतं. बेबीताई दुपारी रुहीच्या घरी जाऊन बसत. तिला खेळता येत नव्हतं, म्हणून तिच्याशी डावपेच बोलत. पहिले दिवस तिची आजी आतून विचारायची, "काय भांडण लागलं वो?" पण पट्टी रोज थोडं शिकत होती आणि आदल्या दिवशीचं विसरत नव्हती. पुढं पुढं आजीनं विचारणं सोडलं. शेवटी तर तिला बाहेर येऊन पाहावं लागे, बाई आहे की गेली.

घरात मात्र सगळं एकदम गोड झालं नाही. बेबीताईंच्या तोंडून 'बाळा' काही निघालं नाही आणि त्यांनी तसा खोटा प्रयत्नही केला नाही. पण सुमेध आला की त्या आता हातातलं काम ठेवून त्याच्याकडे बघत. एकदा तो म्हणाला, आज विहिरीत उतरावं लागलं. त्या म्हणाल्या, "दोर पक्का होता काय?" आणि मग त्यांनी दोराबद्दल, विहिरीबद्दल, सोबत कोण होतं याबद्दल इतकं विचारलं की ताटातली भाजी गार झाली.

अमरावतीच्या स्पर्धेला सुमेधनं ओळखीच्या माणसाची मोठी गाडी मिळवली आणि स्वतः चालवत संघाला नेलं. उपांत्य सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या मिनिटाला अकोट एका गुणानं पुढे होतं. रुहीच्या जागी खेळणारी नवखी पोर चढाईला गेली आणि बोनसच्या मोहानं आत आत शिरू लागली. समोरच्यांची साखळी तिच्या पाठीशी मिटत होती. तिला ते दिसत नव्हतं.

"वापस!"

एकच शब्द. मनात आला आणि त्याच क्षणी मैदानावर पोचला. पोर डोळे मिटल्यासारखी वळली, झेपावली आणि तिची बोटं मध्यरेषेवर पडली. शिट्टी वाजली. प्लास्टरचा हात वर करून रुही नाचत होती आणि प्रेक्षकांत बसलेला सुमेध केव्हा उभा राहिला हे त्यालाही कळलं नाही.

अंतिम सामना त्या सपाटून हरल्या. समोरचा संघ फारच चांगला होता. पण अकोटच्या मुली विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पहिल्यांदाच पोचल्या होत्या आणि उपविजेतेपदाचा चषक मांडीवर घेऊन परतीच्या वाटेवर त्या गाडीत गाऊन गाऊन दमल्या. दर्यापूर मागे पडलं तोवर मागच्या साऱ्या पोरी एकमेकींच्या खांद्यांवर डोकी टाकून झोपल्या होत्या.

ऊन कललं होतं. बेबीताई पुढे, सुमेधच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी वळून झोपलेल्या पोरींकडे पाहिलं. मग मागं कुणी जागं होऊ नये अशा बेतानं, अगदी खालच्या पट्टीत, वऱ्हाडी हेलात म्हणाल्या,

"सुमेध, तू कबड्डी काऊन सोडली होती?"

त्यानं चमकून बाजूला पाहिलं. शाळेत असताना तो खेळायचा, चांगला खेळायचा. नववीत एक दिवस त्यानं बूट माळ्यावर टाकले आणि पुन्हा मैदानावर पाऊल ठेवलं नाही. तेव्हा बेबीताईंनी त्याला कारण विचारलं नव्हतं. भित्रा म्हणाल्या होत्या, तेही सगळ्या मुलांसमोर. घरात त्यानंतर हा विषय निघाला नव्हता.

"आता कायले ते?" तो म्हणाला.

"मले ऐकाचं हाय."

त्यानं गाडीचा वेग कमी केला. रस्त्यावर बैलगाडी नव्हती, वळण नव्हतं, काही नव्हतं. मग रस्त्याकडे पाहतच बोलायला लागला. आधी अडखळत, एकेक शब्द. त्या दिवसाबद्दल, कुठल्या मुलानं पाय धरला होता त्याबद्दल, गुडघ्यातून आलेला आवाज त्यानं कुणाला सांगितला नव्हता त्याबद्दल. बेबीताईंच्या ओठांवर दोनतीनदा काहीतरी आलं. त्यांनी गळ्याकडे हात नेला आणि पट्टी बंद केली, म्हणजे चुकूनही मध्ये शब्द पडायला नको.

पहिल्या मुलीचं घर आलं, गाडी थांबली, ती उतरली. मग दुसरीचं. गाडी रिकामी होत गेली. सुमेध बोलत होता. खंडारेंच्या दारापुढे त्यानं इंजिन बंद केलं तरी बोलत होता, आणि त्याची आई त्याच्याकडे पूर्ण वळून बसली होती.